ह्याला झोपताना कान लागतो

“पोराला ताप आलाय म्हणून सांग, आणि घरी जा.”

हुपरीकर अक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ओळख ना पाळख. बंगल्याच्या पायरीवर बसून त्या गुडघ्यांना खोबरेल चोळत होत्या. अंगावर सिनेमासाठी दिलेलं विटकं नऊवारी, आणि डोळ्यांवर मात्र स्वतःचा जाड भिंगाचा चष्मा.

“पण ताप नाहीये त्याला,” मी म्हणाले. तरी कडेवरच्या ओजसच्या कपाळाला लगेच हात लावून बघितलाच.

“न्हाई ते दिसतंय की मला. आत्ता सांगितलंस तर कुठनं तरी बाहुली आणतील. एकदा क्यामेरा लागला की मग तू आई न्हाईस. मग तू फकस्त पोर आणणारी बाई.”

“असं अभद्र बोलू नये अक्का. वास्तू तथास्तु म्हणते.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवर दोनदा थाप मारली. “ही वास्तू? कारखान्याच्या भोंग्यानं कवाच बहिरी झालीया ती.”

मी हसले नाही. उलट मनात म्हटलं, काय बाई आहे, दुसऱ्याच्या लेकराला ताप आणतेय. आणि आत गेले.

हे हसण्यावारी न्यायला मला जमलं नाही याचं कारण माझं माहेर. आमच्याकडे साखर संपली असं कुणी म्हणायचं नाही, साखर वाढली म्हणायचं. बांगडी फुटली नाही, वाढवली. वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु पुटपुटत असतो आणि नेमका कुठल्या शब्दावर पुटपुटेल त्याचा भरवसा नाही, हे आईने मला इतक्यांदा सांगितलं होतं की बी.ए.ला मराठी आणि समाजशास्त्र शिकूनही ते अंगातून गेलं नाही. त्यात ओजस सात महिन्यांचा. माझ्या पिशवीत थर्मामीटर, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, ओव्याची पुरचुंडी. सिनेमावाल्यांनी कपाळावरची तीट पुसायला लावली, तेव्हा मी ती गुपचूप त्याच्या तळपायाला लावली होती. झोपेत त्याची छाती हलते की नाही हे बघण्यात माझी दुपार जायची. अशी मी, आणि ही बाई म्हणते ताप आलाय म्हणून सांग!

दहा वर्षं झाली या गोष्टीला. माझे यजमान सुहास तेव्हा कराडच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. गाळप संपलं की कारखान्याची कॉलनी ओस पडते. लोक गावी जातात, चिमणीतून धूर येत नाही, मळीचा वास तेवढा मागे राहतो. मे महिन्यातल्या त्या सुनसान कॉलनीत दोन जीपा आणि एक जनरेटरची गाडी आली, आणि जुन्या साहेबांचा रिकामा दगडी बंगला सिनेमासाठी घेतल्याचं कळलं. एकाच जुन्या लेखकाच्या चार गाजलेल्या कथा आणि त्यांचा मिळून एक सिनेमा. त्याला काहीतरी भारी नाव होतं, पण कॉलनीत सगळे ‘चार गोष्टींचा पिक्चर’च म्हणायचे.

त्यातली तिसरी गोष्ट मला बी.ए.ला होती. अगदी साधी गोष्ट. एका विधवा आत्याने भावाचं पोरकं बाळ काही महिने सांभाळलेलं असतं. मग दूरच्या नात्यातली एक मूल नसलेली बाई त्याला दत्तक न्यायला येते. आत्या काही रडत नाही, भांडत नाही. बाळ देताना एवढंच सांगते, “ह्याला झोपताना कान लागतो. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा. तेवढा द्या.” ती बाई बाळ घेऊन चालू लागते, रडण्याचा आवाज लांब लांब जातो, गोष्ट संपते. कॉलेजात हे वाक्य आम्ही मुली एकमेकींना म्हणून दाखवायचो, आणि शेवटच्या बाकावर बसून डोळे पुसायचो. म्हणून नचिकेत नावाचा सिनेमावाल्यांचा सहायक दारोदार बाळ शोधत आला, आणि म्हणाला की आत्याच्या गोष्टीसाठी हवंय, तेव्हा मी पदराला हात पुसत विचारलं, “कान लागतो, तीच ना?”

“वहिनी, तुम्ही वाचलीय?” त्याचा चेहरा उजळला. झालं, तिथेच मी होकार देऊन बसले. माझ्या लेकराने त्या गोष्टीत असावं! सुहास म्हणाले, “तुला घराबाहेर पडायला निमित्त मिळेल, जा.” ते खरंच होतं.

आता आत्याचं काम करणाऱ्या अक्कांविषयी. द्वारकाबाई हुपरीकर. लहानपणापासून नाटक कंपनीत, पुढे सिनेमात. आपण सगळ्यांनी त्यांना पाहिलंय, नाव कुणालाच आठवणार नाही. हिरोची आई, हिरोईनची सासू, पाणी घेऊन येणारी मावशी. कॅमेऱ्यासमोर त्यांची भाषा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि तिथून हलल्या की अस्सल कोल्हापुरी.

पहिल्या दिवशी सकाळभर काही घडलं नाही. शूटिंगमध्ये माणसं मुख्यतः वाट बघतात हे मला तेव्हा कळलं. दिग्दर्शक देवस्थळींना उतरतं ऊन हवं होतं. मी व्हरांड्यात चटई टाकून बसले, आणि सकाळच्या रागामुळे अक्कांपासून जरा लांबच. त्याच सरकत सरकत आल्या.

“आण त्याला इकडं. घाबरू नगंस, ताप न्हाई देत.”

ओजस कुणाकडे जायचा नाही. यांच्याकडे गेला. मांडीवर आडवा पडून त्यांच्या कानातली कुडी बघत राहिला. आणि अक्का त्याच्याशी बोलायला लागल्या. बोलायला म्हणजे, मला आधी वाटलं त्याला गोष्ट सांगताहेत. एक म्हातारी नदीच्या उतारावर नावेची वाट बघत बसली आहे आणि शेजारच्या अनोळखी वाटसरूला आपलं सगळं आयुष्य सांगते आहे. थांबत, मध्येच हसत, एखादी गोष्ट दोनदा सांगत. खूप वेळ चाललं होतं. भांड्यातला चहा गार झाला तरी मी उठले नाही.

“हे काय होतं अक्का?”

“चौथी गोष्ट.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्यात एकटी म्हातारीच हाय. पयल्यापासनं शेवटपर्यंत तीच बोलती. देवस्थळी म्हणाले, तिसरी कशी होती बघू, मग ठरवू. मी आपली पाठ करून ठेवलीया.”

“सगळी? अख्खी?”

“मग काय चतकोर?” त्या हसल्या. मग ओजसच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “अगं, उभा जन्म मी कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू, कुणाची तरी मोलकरीण. ही म्हातारी कुणाचीच कोण न्हाई. नुसती बाई हाय. असलं काम मला कुणी दिलंच न्हाई बघ. आता ह्या वयात मिळतंय.”

तोवर ओजस झोपला होता. त्याच्या मुठीत अक्कांच्या कानाची पाळी होती. घरी त्याला ही सवय नव्हती, देवाशप्पथ. त्याला कुडी हवी होती, ती हाताला लागली नाही, म्हणून त्याने पाळी पकडली आणि तशीच धरून झोपला.

“बघ,” अक्का पुटपुटल्या, “ह्यानं पण गोष्ट वाचलीया.”

चार वाजता देवस्थळींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. हळू बोलायचा, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. फक्त त्या लेखकाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा बाणा होता.

“हा एकच शॉट आहे. मध्ये तोडणार नाही. बाई, तुम्ही पायरीवर. बाळ द्यायचं, वाक्य म्हणायचं. मग दत्तक न्यायला आलेल्या ह्या बाळ घेऊन रस्त्याने गेटपर्यंत जातील. कॅमेरा तुमच्यावरच राहील. आणि रडणं ऐकू येत राहील, लांब जाईपर्यंत.”

“खरं रडणं?” अक्कांनी विचारलं.

“खरंच हवं. त्याशिवाय कळणार कसं?”

“साहेब, एक बोलू? पोर झोपलेलं असू द्या. रडणारं पोर देताना हात सुटतात तरी. झोपलेलं पोर देणं लई अवघड.”

देवस्थळी आदराने हसले. “गोष्टीत बाळ रडतं, बाई.”

मग त्यांनी मला समजावलं. ओजस रडायला हवा असेल तर मी त्याला दिसत राहायचं, आणि ऐन वेळी कोयनेलच्या कुंपणामागे जायचं. बस. चिमटा नाही, भूक नाही, काही नाही. “आई दिसेनाशी झाली की बाळ रडणारच, वहिनी. यात त्याला इजा काहीच नाही.” मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

पहिल्यांदा मी कुंपणामागे गेले, तेव्हा ओजसने आधी मान वळवून वळवून शोधलं. मग रडला. अक्कांचं वाक्य मला कुंपणामागून स्वच्छ ऐकू आलं. तीच शांतता, तेच थांबणं, मी कॉलेजात मनात ऐकलं होतं तसंच. मग पावलं, आणि रडणं लांब जायला लागलं. गेट बरंच लांब होतं. माझं लेकरू जगाच्या टोकाला नेताहेत असं वाटावं इतकं लांब. ते पोचायच्या आत कुठून तरी ट्रॅक्टर फटफटत आला आणि शॉट फुकट गेला.

दुसऱ्यांदाही अक्का चोख बोलल्या. त्या खेपेला ऊन ढगाआड गेलं.

ओजसला परत माझ्याकडे दिलं, तेव्हा तो उचक्या देत होता. आवाज बसत चालला होता. माझ्या खांद्यात त्याने नखं रुतवली होती. नचिकेत म्हणाला, “वहिनी, अजून एकदाच.” मी तोंड उघडलं. पंचवीस-तीस माणसं उभी होती, कुणी दिवा धरून, कुणी काळी छत्री धरून. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “बरं.”

एकदा क्यामेरा लागला की मग तू आई न्हाईस.

तिसऱ्यांदा कुंपणामागे उभी होते तेव्हा त्याचं रडणं वेगळं होतं. आधी तो मला बोलावत होता. आता बोलावत नव्हता, नुसता रडत होता. माझं ब्लाऊज पान्ह्याने भिजलं. मी पदर घट्ट लपेटून घेतला आणि कोयनेलची पानं तोडत राहिले.

“ह्याला झोपताना कान लागतो…” अक्का म्हणाल्या.

आणि पुढे काही नाही.

“कट,” देवस्थळी म्हणाले. “बाई? ‘स्वतःचा नाही’…”

“व्हय की. स्वतःचा न्हाई.” अक्कांनी कपाळावर हात मारला. “इसरले बघा. पोर द्या आधी तिच्याकडं, हितं माझं डोकं गरगरतंय.”

ओजस माझ्याकडे आला. मी त्याला मोरीपाशी नेऊन पाजलं.

पुन्हा उभे राहिलो. पुन्हा “कान लागतो…” आणि शांतता. त्याच्याही पुढच्या खेपेला तेच. तेच वाक्य, तीच जागा. दर वेळी अक्का कपाळावर हात मारायच्या, सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणायच्या, “इसरले. वय झालं. आठवंना झालंय,” आणि दर वेळी “पोर द्या आधी तिच्याकडं.” बाळ घेऊन जाणारी ती तरुण नटी आता आपल्या जागेवरून हलतही नव्हती. पुढे चालत जायची वेळच येत नव्हती.

दिव्यांपाशी कुजबूज सुरू झाली.

“बॅटरी उतरली अक्कांची.”

“एका वाक्याला ही गत. चौथीत तर पानंच्या पानं आहेत.”

“आता कसली चौथी!”

अक्कांना ऐकू गेलं असणार. चार हातांवर तर होत्या. त्या चष्मा पुसत होत्या.

मी त्यांच्याकडे बघत होते. बघणं हाच तर तेव्हा माझा धंदा होता. बाळाची छाती हलते का ते बघायचं, ओठ निळे पडले का ते बघायचं. सकाळी याच बाईने माझ्यासमोर अख्खी गोष्ट म्हटली होती, एकदाही न अडता. आता तीन तुकड्यांच्या वाक्यात पहिल्या तुकड्यापुढे गाडी जात नव्हती. काहीतरी जुळत नव्हतं, पण नीट शब्दात येईना. ओजस खांद्यावर होता आणि मला त्याच्या उचक्यांपलीकडे काही सुचत नव्हतं.

ऊन उतरत चाललं. शेवटी देवस्थळी खुर्ची ओढून अक्कांसमोर बसले.

“बाई, मी काय करू सांगा.”

“मी काय सांगणार साहेब? पोर रडाया लागलं की माझ्या डोक्यातलं सगळं उडून जातंय. झोपलेलं असलं तर येईल कदाचित. बघा बाई.”

“पण गोष्टीत…”

“रडतंय. ठाऊक हाय. लिहिणाऱ्यानं लिहिलंय ते. त्याच्या मांडीवर कुठं होतं पोर?”

कुणीतरी फिसकन हसलं. देवस्थळी हसले नाहीत. त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं. “बरं,” ते म्हणाले. “झोपवा.”

अक्कांनी माझ्याकडून ओजसला घेतलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मान तिरकी करून कान त्याच्याकडे केला. त्याने रडून रडून जड झालेले डोळे उघडले, चाचपडत पाळी धरली, एक लांब उचकी दिली आणि झोपला. मला कुंपणामागे जा म्हणून कुणी सांगितलं नाही. मी पायरीच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे उभी राहिले.

“ह्याला झोपताना कान लागतो.” अक्का म्हणाल्या. “स्वतःचा नाही, दुसऱ्याचा.” थांबल्या. “तेवढा द्या.”

त्या नटीने बाळ उचलून घेतलं आणि ते अडलं. ओजसने कान सोडलाच नव्हता. झोपेतच त्याची मूठ घट्ट होती, आणि अक्का त्याच्यासोबत पुढे ओढल्या गेल्या. हे गोष्टीत नव्हतं. कागदावर नव्हतं. ती पोरगी गडबडून थांबली. अक्कांनी हात वर नेला आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सोडवायला सर्वांत जास्त वेळ लागला.

मग ती बाळ घेऊन गेटकडे चालत गेली. काही आवाज नाही. फक्त चपलांचा. अक्का रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, आणि एका क्षणी उगीच आपला कान चाचपून पाहिला.

देवस्थळींना ‘कट’ म्हणायचं भान राहिलं नाही. तो शब्द शेवटी कॅमेरामनने उच्चारला.

सामान आवरताना नचिकेत बिस्किटाचा पुडा घेऊन माझ्यापाशी आला. खुशीत होता. मीच विचारलं, “चौथी गोष्ट आता अक्काच करणार ना?”

“छे हो. सरांनी आत्ताच पुण्याला फोन लावला. दुसऱ्या बाई येताहेत.” तो जरा ओशाळला. “आजचा शॉट ग्रेटच झाला. पण तुम्ही पाहिलंत ना, किती वेळा विसरल्या. सर म्हणतात धोका नको.”

आणि मग ते न जुळणारं शब्दात आलं. सगळं एकदम. पहिल्या दोन खेपांना चोख बोललेल्या. ओजसचा आवाज बसला तिथून विसरायला लागल्या. नेमक्या अशा जागी विसरायच्या की तिथून पुढे माझ्या लेकराला गेटपर्यंत रडत न्यायला लागू नये. दर वेळी “पोर द्या आधी तिच्याकडं.”

मी झोपलेल्या ओजसला घेऊन तडक देवस्थळींकडे गेले. असं कुणा मोठ्या माणसासमोर जाऊन बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

“सर, त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना सगळं पाठ आहे. चौथीसुद्धा. सकाळी मी ऐकलीय. त्यांनी ओजससाठी…”

“अगं ए खुळे!” मागून अक्कांचा आवाज आला, खणखणीत. गुडघे धरत त्या आल्याच. “साहेब, हिचं काय ऐकता. ओली बाळंतीण. कैक महिन्यांत झोप न्हाई तिला, भिंतीशी पण बोलती ती. चल गं, लेकराला उन्हात उभं करू नगंस.”

ऊन कुठे होतं? पण सगळे हसले, देवस्थळीही हसले, आणि अक्कांनी माझा दंड धरून मला पायरीपाशी आणलं. दंडाला बोटं रुतत होती.

“का असं केलंत?” मी रडकुंडीला आले होते. “खरं सांगितलं असतं तर…”

“तर काय झालं असतं?” त्या हळू बोलल्या. “इसरणाऱ्या बाईला लोक चहा देतात. खुर्ची देतात. शॉट अडवणाऱ्या बाईला पुन्हा गेटाच्या आत घेत न्हाईत. मला अजून पोट हाय.”

“पण चौथी गोष्ट?”

“ती पाठ हाय माझी. कोण काढून घेतंय?”

“म्हणजे मुद्दामच ना? तुम्ही मुद्दाम…”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी बारीक हसू होतं का तोंडावर, की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. “इसरलेच गं,” त्या म्हणाल्या. “म्हातारी हाय मी.”

“असं नका ना म्हणू. मघापासून सगळ्यांदेखत किती वेळा म्हणालात. विसरले, आठवत नाही. घरात असं बोलू नये अक्का. वास्तू…”

त्यांनी खडबडीत दगडी भिंतीवर पुन्हा दोनदा थाप मारली.

“बहिरी हाय म्हणून सांगितलं न्हवं?”

सिनेमा पुढच्या वर्षी सांगलीला एक आठवडा लागला. आम्ही दोघं गेलो, ओजसला कडेवर घेऊन. चौथ्या गोष्टीतल्या बाईंनी काम चांगलं केलं होतं, खोटं कशाला सांगू. पण थिएटरात माणसं गप्प झाली ती तिसऱ्या गोष्टीला. करंगळी सुटली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या कुणी तरी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या मांडीवर ओजस झोपला होता. माझा कान धरून.

अक्का मिरजेला राहायच्या. दर वर्षी ओजसच्या वाढदिवसाला मी त्यांना फोन करायची. त्या ‘हॅलो’ म्हणायच्या नाहीत, म्हणायच्या, “कान हाय का जागेवर?” मी म्हणायची, “आहे.” मग गप्पा. त्या दिवसाचा विषय मी पुन्हा काढला नाही. ओजस तिसरीत जाईपर्यंत माझा कान धरून झोपत होता. आता धरत नाही, मोठा झालाय, पण ताप आला की हात आपोआप येतो.

आम्ही आता उत्तर प्रदेशात असतो, सुहास इथल्या कारखान्यात आहेत. दोन महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. पुन्हा थर्मामीटर, पुन्हा थर्मास, पुन्हा छाती हलते का ते बघणं, पण पहिल्याइतकं नाही. रडणं कुठलं बोलावणारं आणि कुठलं नुसतं, हे मला आता दुसऱ्या खोलीतून कळतं. ही झाल्याचं अक्कांना सांगावं म्हणून फोन लावला.

बराच वेळ वाजून उचलला. “हॅलो?” अक्का म्हणाल्या. नुसतं हॅलो.

“अक्का, मी. ओजसची आई.”

“कोण ओजस?”

मी हसत हसत म्हटलं, “कान हाय का जागेवर?”

पलीकडे कुणीतरी तार पिळून सूर लावत होतं, त्यांच्या खोलीखाली सतारीचं दुकान आहे. मग फोन ठेवला गेला. त्यानंतर वाजत राहतो, कुणी उचलत नाही. कदाचित ऐकू कमी येत असेल. कदाचित फोनच बिघडला असेल. याहून वेगळं काही मी इथेसुद्धा लिहीत नाही.

तान्ह्या मुलीला घेऊन इतक्या लांबून मला एवढ्यात निघता यायचं नाही. म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी मिरजेकडचं असेल, तर एकदा त्या तंतुवाद्यांच्या दुकानांच्या गल्लीत जाल का? ज्या दुकानाबाहेर वाळलेले भोपळे टांगलेले आहेत, त्याच्या शेजारून लाकडी जिना वर जातो. दार वाजवून थांबा, गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. माझं नाव सांगायची गरज नाही. फक्त एवढंच म्हणा, “अक्का, ह्याला झोपताना कान लागतो.” आणि गप्प राहा. घाई करू नका. पुढचं सुचवू नका. त्या मध्येच बराच वेळ थांबतात, हे मी ऐकलेलं आहे.

पुढचं त्या म्हणाल्या, तर मला लगेच कळवा. आणि नाहीच म्हणाल्या, तर तसं त्या खोलीत तोंडातून काढू नका. थोडा वेळ बसा त्यांच्याजवळ, मग जिना उतरून गल्लीत या, दुकानापासून चार पावलं लांब, आणि तिथून मला सांगा.